पाच मिलिमीटर रबराची करामत

टायर म्हणजे रबर, हवा आणि अधूनमधून पंक्चर, एवढ्या माहितीवर माझं आजवर निभावलं होतं. पण ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत टायर हे चक्क मोजमापाचं साधन असतं, हे कळल्यापासून मला पार्किंगमधून सरळ चालताच येईना! दिसेल त्या एसयूव्हीपाशी वाकतो आणि चारही टायरांची नक्षी न्याहाळतो. वॉचमन संशयाने बघतात. बघू देत.

झालं असं, की मित्राने जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. मागे नवे कोरे टायर, पुढे निम्म्याहून जास्त झिजलेले. साइज चारही ठिकाणी तोच, २१५/६५ आर १६. टायरवाल्याचं मत ठाम होतं, “साहेब, पुढचे अजून आरामात चालतील.” पण मित्राकडे ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचा डेटा वाचणारा छोटा स्कॅनर होता. चारही चाकांचा वेग वेगवेगळा दिसतो म्हटल्यावर मी कशाला मागे राहतोय! रस्ता सरळ, मोकळा, कोरडा. पडद्यावर चार आकडे: मागची चाकं ६०, पुढची ६१. वेग कमी केला, वाढवला, तरी पुढची चाकं आपली वरचढच. अहो, गाडी एक, रस्ता एक, मग पुढची चाकं जास्त वेगाने कशी जातील?

कागद-पेन काढलं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. झिजून ३ उरली, की व्यास १० मिलिमीटरने घटतो. या साइजच्या नव्या टायरचा घेर सुमारे २१५५ मिलिमीटर, झिजलेल्याचा २१२३. म्हणजे नवा टायर किलोमीटरला ४६४ फेरे घेतो, तर झिजलेला ४७१! बापाचं बोट धरून चालणाऱ्या पोराची पावलं जास्त पडतात, तसंच हे. पुणे ते कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर धरा, पुढच्या चाकांचे दीड हजारावर फेरे जास्त होतात. फेरे जास्त, पण स्कॅनर हिशेब धरतो मूळ घेराचाच, म्हणून तो ६१ दाखवतो.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. गाडीला रस्ता दिसत नाही! चिखल, बर्फ, शेवाळ, तिला यातलं काहीच ठाऊक नसतं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि तो चाक किती वेगाने फिरतंय एवढंच सांगतो. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरू लागलं, की ट्रॅक्शन कंट्रोल ओळखतो, हे घसरतंय. मग त्या चाकाला ब्रेक लागतो, इंजिनचा जोर कमी होतो. म्हणजे झिजलेला टायर मुकाट्याने आपलं काम करत असतो आणि कंप्युटरला वाटतं, हा घसरतोय!

कंप्युटर अगदीच भोळा नसतो. वळणावर चारही चाकांचे वेग वेगळे पडणारच, हे तो स्टिअरिंगच्या कोनावरून जाणतो. थोडा फरक चालवूनही घेतो, त्यामुळे डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लगेच लागेलच असं नाही. पण खऱ्या घसरणीसाठी ठेवलेली सूट या खोट्या फरकातच खर्ची पडते. मग पावसाळी घाटात तो गरज नसताना मध्ये पडू शकतो.

कंप्युटरची समजूत घालता येईल हो, पण पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या कपलिंगमधल्या क्लच प्लेट्सची कशी घालणार? भारतात २०१४ मध्ये आलेल्या डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हसारख्या गाड्यांत एरवी जोर पुढच्या चाकांना मिळतो आणि गरज पडली की हे कपलिंग मागच्या चाकांनाही जोडून घेतं. पुढचे टायर कायम जास्त फिरत असले, तर प्लेट्स एकमेकींवर घासत राहतात, तापतात, झिजतात. टायरवर वाचवलेले पैसे तिथे व्याजासकट जातात.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्या बनवणाऱ्या सुबारू कंपनीचं म्हणणं वाचून तर मी थक्क झालो. चार टायरांच्या घेरात फरक पाव इंचाच्या आत हवा. म्हणजे नक्षीत जेमतेम १ मिलिमीटर! अमेरिकेत तर एकच टायर फुटला, तर नवा कोरा टायर तासून बाकी तिघांच्या बरोबरीला आणून देणारे विक्रेते आहेत. नवं रबर, पैसे मोजून तासायचं! आणि काही गाड्यांत फेऱ्यांचा हाच हिशेब उपयोगी पडतो: हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त फिरतं, त्यावरून हवेचा दिवा लागतो. वेगळा प्रेशर सेन्सर लागतच नाही.

आता माझ्या खिशात नक्षीची खोली मोजणारं ट्रेड गेज असतं. कायद्याला नक्षी १.६ मिलिमीटर असली तरी चालते, पण अशा गाडीत खोलीइतकीच चौघांची बरोबरीही महत्त्वाची. म्हणून टायर शक्यतो चारही एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराला पुढचे-मागचे अदलाबदल करून घ्यायचे. मित्राने पुढचे दोन बदलले, मागच्यांच्याच जोडीचे. स्कॅनरवर चारही आकडे ६०! आम्ही दोघंही ओरडलोच. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर कळवा, गेज घेऊन येतो. चहा मात्र तुमचा!