हाड सरळ की हात मोकळा?

पडणारा माणूस आधी हात पुढे करतो. विचार करून नव्हे, तर देहाच्या उपजत शहाणपणाने. डोके वाचावे म्हणून हात पुढे येतो, साऱ्या शरीराचा भार तळहातावर पडतो आणि मनगटाशी अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नावाचे हाड मोडते. अस्थिरुग्णांच्या रांगेत हा अस्थिभंग नेहमीचाच. तरुणांच्या बाबतीत कारण बहुधा मोटारसायकलचे, तर पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ओटीवरून उतरताना घसरलेला पाय एवढेही कारण पुरते.

डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली या दुखापतीचे वर्णन प्रसिद्ध केले. क्ष-किरणांचा शोध लागायला तेव्हा आणखी ८१ वर्षे होती. भूलही ठाऊक नव्हती. केवळ बोटांच्या स्पर्शाने त्यांनी हाड नेमके कोठे मोडते ते ओळखले. त्यांनी एक दिलासाही दिला: कालांतराने हात मोकळा हलू लागतो, वेदनाही जाते, मात्र मनगटाचा वाकडेपणा जन्मभर राहतो. या दिलाशाची आठवण आम्हांला पुढे वारंवार झाली.

गेल्या वर्षी जुलैत, पहाटेच्या मिस्सेआधी, चर्चच्या बाजूच्या ओल्या पायऱ्यांवरून आम्ही घसरलो आणि उजवे मनगट मोडले. पालथ्या ठेवलेल्या जेवणाच्या काट्याला जसा बाक असतो, तसा बाक हाताला आला होता. डॉक्टरांनी भूल देऊन हाड ओढून बसवले व प्लास्टर घातले. आठवड्याने पुन्हा क्ष-किरण छायाचित्र काढले, तर बसवलेले हाड सरकले होते. अशा अस्थिभंगाला डॉक्टर अस्थिर म्हणतात. त्याची काही लक्षणे आधीच दिसतात. हाडाचा मागे झुकलेला कोन २० अंशांहून अधिक असणे, मागच्या बाजूस हाडाचा चुरा होणे, भेग सांध्यापर्यंत पोहोचणे, शेजारचे अल्ना हाडही मोडणे आणि रुग्णाचे वय साठीपुढे असणे, ही ती लक्षणे होत. यांपैकी तीन वा अधिक एकत्र आली, तर प्लास्टरमध्ये हाड जागेवर टिकण्याचा भरवसा कमी. आमच्या बाबतीत सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर दोन मिलिमीटरहून मोठी पायरीही पडली होती. ती तशीच राहिली, तर पुढे सांधा झिजण्याची भीती असते. म्हणून शस्त्रक्रिया ठरली.

केवळ हात बधिर केला होता. आम्ही जागे होतो. मनगटाच्या पुढच्या बाजूस, नाडी पाहतात त्या जागेच्या शेजारी, बोटाएवढा छेद घेऊन टायटॅनियमची पट्टी हाडावर बसवली गेली. पूर्वी अशी पट्टी मनगटाच्या मागच्या बाजूस लावीत. तेथे हाडावर मांसाचे आवरण पातळ, त्यामुळे बोटे सरळ करणारे स्नायुबंध तिच्यावर घासत. सन २००० च्या सुमारास मायामीचे हस्तशल्यविशारद होर्गे ओर्बाय यांनी पुढच्या बाजूने बसणारी पट्टी प्रचारात आणली. हिच्या स्क्रूंच्या डोक्यांनाही आटे असतात व ते पट्टीतच घट्ट बसतात. त्यामुळे पट्टी आणि स्क्रू मिळून एक चौकट तयार होते. भुसभुशीत हाडातही ती आधार देते, कारण स्क्रूने हाड किती घट्ट धरले यावर सारे अवलंबून राहत नाही. दुसऱ्याच दिवशी आम्हांला बोटे हलवायला सांगण्यात आले.

त्याच महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक आजी आपल्या अंगणात पडल्या. वय ७८. त्यांचेही उजवे मनगट, त्यांचेही हाड सरकलेले. त्यांच्या डॉक्टरांनी मात्र प्लास्टरच पुरे, असा सल्ला दिला. चार दिवसांनी त्यांचा थोरला मुलगा व सून आमच्याकडे आली. आखातातील धाकट्या मुलाचा निरोप होता: कितीही पैसे लागोत, आईला प्लेट बसवाच. थोरल्याच्या बोलण्यात संताप नव्हता, लाज होती. तो म्हणाला, "फादर, तुम्हांला प्लेट बसवली. आमच्या आईला नुसतं प्लास्टर ठेवलं, तर लोक म्हणतील, पोरांनी पैसे वाचवले." सुनेने आपल्या बांगड्यांकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही.

शल्यक्रियेचा निर्णय देणे हे आमचे काम नव्हे. आम्ही एवढेच केले की, गळ्यात हात बांधून त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो आणि ते काय सांगतात ते शांतपणे ऐकून घेतले. पुढे त्या विषयावर जे मिळाले तेही वाचले.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे ६५ व त्याहून अधिक वयाच्या ७३ रुग्णांची तुलना झाली; तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठी टाकावी तशी विभागणी करून काहींना पट्टी बसवली, काहींना प्लास्टर घातले. पहिल्या तीन महिन्यांत पट्टीवाल्यांचा हात अधिक चालला. क्ष-किरणांत त्यांचे हाड सरळ दिसले आणि मुठीची ताकदही अधिक राहिली. पण वर्षअखेरीस मनगटाची हालचाल व वेदना दोन्ही गटांत सारखीच होती, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत गुंतागुंत अधिक आढळली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ६० वर्षांवरील रुग्णांच्या अभ्यासातही वर्षभरानंतर महत्त्वाचा फरक दिसला नाही; तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील १८ रुग्णालयांतील ४६१ प्रौढ रुग्णांवरच्या अभ्यासाने २०१४ साली आणखी एक गोष्ट दाखवली. बाहेरून ओढून हाड जागेवर बसत असेल, तर साध्या तारा आणि महाग पट्टी यांचा वर्षानंतरचा परिणाम सारखाच येतो. सांधा उघडूनच जुळवावा लागेल अशा रुग्णांचा त्या अभ्यासात समावेश नव्हता.

परिणाम मोजतात कसा, हेही जाणण्यासारखे आहे. १९९८ साली कॅनडात तयार झालेली १५ प्रश्नांची एक प्रश्नावली यासाठी वापरतात. त्यात हाडाचा कोन विचारीत नाहीत. दाराची मूठ फिरवता येते का, सदऱ्याची बटणे लावता येतात का, हात टेकून खुर्चीतून उठता येते का, घरकाम जमते का, असे ते प्रश्न आहेत. क्ष-किरणांचे छायाचित्र हाडाविषयी सांगते. हाताविषयी सांगायचे ते रुग्णानेच.

डॉक्टरांनी त्या दिवशी जवळपास हेच केले. ते मुलांशी बोलायचे थांबले आणि आजींकडे वळले. "आजी, तुम्हांला या हातानं काय काय करायचं आहे?" आजी म्हणाल्या, "तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, नातीची वेणी घालायची, जपमाळ धरायची. दुसरं काय?" मनगट थोडे वाकडे दिसेल, तर चालेल का? त्या हसल्या. "या वयात मला कोण बघायला येणार आहे?" त्यांना मधुमेह होता, हृदयाचे औषध चालू होते. प्लास्टरच राहिले. पण त्याआधी डॉक्टरांनी थोरल्याला स्पष्ट सांगितले की, आई तिशीची असती, किंवा बोटे बधिर झाली असती, अथवा हाड कातडीबाहेर आले असते, तर आपण स्वतःच शस्त्रक्रियेचा आग्रह धरला असता. स्वस्त उपाय म्हणून प्लास्टर नाही, तर या हाताला तेवढे पुरे म्हणून प्लास्टर. त्या संध्याकाळी थोरल्याने आखातात फोन लावला, तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

आता वर्ष उलटले आहे. आमचे हाड सरळ आहे. पवित्र प्याला उजव्या हाताने उचलता येतो. तरी थंडीत मनगट कुरकुरते, आणि अंगठ्याकडे कुठे टोचले तर लगेच दाखवायला या, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. पट्टीची कड पुढे आलेली असेल, तर अंगठा वाकवणारा स्नायुबंध तिच्यावर घासून पुढे कधीतरी तुटू शकतो. आजींचे मनगट वाकडे आहे, शेजारच्या हाडाचा उंचवटा दिसतो, आणि ओले लुगडे पिळायला त्या सुनेला हाक मारतात. भाकऱ्या मात्र त्या स्वतः थापतात. कोलिस यांचा दोनशे वर्षांपूर्वीचा दिलासा त्यांच्या वाट्याला आला.

वाचकहो, म्हाताऱ्या माणसांचे हाड मोडले की, घरात प्रेमाची परीक्षा सुरू होते आणि ती पैशाने उत्तीर्ण व्हावी असे मुलांना वाटते. तसे वाटणे वाईट नाही. पण महाग उपचार म्हणजे अधिक माया, हे समीकरण खरे नव्हे. तरुणाच्या सरकलेल्या सांध्याला पट्टी नाकारू नये, आणि वृद्धाच्या अंगावर ती भिडेपोटी लादू नये. डॉक्टरांना विचारावे: शस्त्रक्रिया केली नाही तर वर्षाने हा हात कसा असेल? केली तर कसा? आणि हे विचारताना ज्याचा हात आहे त्याला खोलीबाहेर बसवू नये.

आणखी एक गोष्ट सहसा राहून जाते. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडले, तर ती हाडे ठिसूळ होत असल्याची पहिली सूचना असू शकते. दुर्लक्ष केले, तर पुढचा अस्थिभंग खुब्याचा असू शकतो. म्हणून प्लास्टर निघाले की, हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी. आजींची ती तपासणी झाली, औषधही सुरू झाले. त्यांच्या अंगणातल्या फरशीवरचे शेवाळ थोरल्याने मे महिन्यातच घासून काढले आणि ओटीला लोखंडी कठडा लावला. धाकट्याने आखातातून पाठवलेल्या पैशांतून तो झाला.