खांबावरची रेघ

रत्नागिरी, डिसेंबर २०२१

ती. स्व. ताईस,


तुझा लेक तुला फोनवर दर वेळी एवढंच सांगतो, ‘काही नाही गं, पाणी भरलं होतं, उतरलं.’ आईला घोर लागू नये म्हणून तो असं बोलतो. पण नागपूरला बसून टीव्हीवरची तीच ती चित्रं पाहून तुझा घोर कमी झालेला नाही, हे तुझ्या आवाजावरून समजतं. म्हणून २२ जुलैला चिपळुणात काय झालं ते सलग लिहितो. यातलं बरंचसं त्याच्या तोंडचं आहे, काही त्याच्या मित्राच्या घरच्यांनी सांगितलेलं, बाकीचं सगळ्या गावाला ठाऊक असलेलं.

आधी तो तिथे का गेला ते. त्याचा कॉलेजातला मित्र पुण्यात नोकरीला आहे. मित्राचे आईबाबा आणि आजी चिपळूणच्या बाजारपेठेत राहतात. पुढे किराणा आणि वह्या-पुस्तकांचं दुकान, मागे राहतं घर, वर लाकडी जिन्याचा माळा. आदल्या दिवशी, बुधवारी रात्री पाऊस थांबायचं नाव घेईना, तेव्हा मित्राने पुण्याहून ह्याला फोन केला. बाबांचे गुडघे धरलेत, माल वर चढवायला दुसरं कोणी नाही, जाशील का? तुझा लेक चिपळूणलगतच्या खेर्डीच्या कारखान्यात दिवसभराचं काम उरकून नुकताच खोलीवर आला होता. खोली उंचावर, तिथे पाण्याची भीती नाही. तो रेनकोट चढवून निघाला. त्याच दिवशी बकरी ईद झाली होती, त्यामुळे गावातले पुष्कळ लोक अजून जागे होते. पुढे ह्याचा फार उपयोग झाला.

चिपळूण म्हणजे काय, हे नकाशावरून नीट समजत नाही. मागे सह्याद्रीचा उभा कडा, पुढे थोड्याच अंतरावर खाडी, आणि मधल्या सखल जागेत शहर. वाशिष्ठी घाटातून उतरते ती लवकरच सपाटीला लागते, आणि इथून पुढे दाभोळपर्यंत भरती-ओहोटीच्या हाती जाते. शिव नदी तर शहराच्या पोटातूनच वाहते आणि वाशिष्ठीला मिळते. खाडीला भरती असली की वाशिष्ठीचं पाणी अडतं, वाशिष्ठी फुगली की शिव नदी मागे फिरते आणि बाजारपेठेत शिरते. २२ तारखेला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. म्हणजे उधाणाचे दिवस. वरून घाटाचं पाणी आणि खालून समुद्राचं, या दोघांच्या मध्ये गाव सापडलं.

पावसाचं मान सांगायचं तर त्याच पावसाने महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाणी ओतलं. आपल्याकडे इतका पाऊस पडायला पावसाळ्याचे काही आठवडे जातात. महाड बुडालं, खेड बुडालं, तळिये गावावर डोंगर कोसळला, तो सगळा याच दोन दिवसांतला प्रकार.

तुझा लेक दुकानात पोचला तेव्हा रस्त्यावर घोट्याएवढंही पाणी नव्हतं. मित्राचे बाबा, म्हणजे काका, शांत होते. त्यांच्या शांतपणाला कारण होतं, आणि ते मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दुकानातल्या खांबावर त्यांनी २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ तेलरंगाने ओढून ठेवली आहे, बाजूला तारीख लिहिली आहे. गावात अशा रेघा पुष्कळ घरांतून आहेत. तो पूर म्हणजे सगळ्यांच्या लेखी पुराची हद्द. १९६५ चा पूर आठवणारी म्हातारी माणसं होती, पण हिशेब सगळा २००५ चा. काकांनी मापच ठरवून टाकलं होतं: रेघेच्या वर एक हात माल चढवला की झालं.

मग दोघांनी तेच केलं. श्रावणाचा आणि गणपतीचा माल नुकताच भरला होता. टाळेबंदीत दुकान अर्धवेळ चाललं, त्याची तूट भरून काढायची म्हणून उधारीवर जास्तच उचलला होता. साखरेच्या गोण्या, डाळी, तेलाचे डबे, वह्यांचे गठ्ठे. सगळं वरच्या फळ्यांवर, रेघेच्या एक हात वर, ओळीने लावलं. गोण्या उचलताना तुझ्या लेकाच्या खांद्याची सालं निघाली. काकूंनी मध्ये चहा केला. आजी मागच्या खोलीत पलंगावर झोपलेल्या होत्या.

पाणी आधी पुढच्या रस्त्याने आलंच नाही. ते आलं मागून, न्हाणीघराच्या मोरीतून. आधी गुळगुळ असा आवाज, मग मोरीच्या तोंडाशी काळं पाणी फुगून वर आलं आणि घरभर सपाट पसरलं. काकूंनी मोरीच्या तोंडावर पाटा ठेवला, त्यावर भरलेली कळशी ठेवली. पाण्याने दोन्ही हलवलं. तेवढ्यात वीज गेली.

इथून पुढचा अर्धा तास सर्वांत धोक्याचा होता असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी पोटरीला लागलं होतं आणि दोघे पुरुष अजून माल वाचवत होते. राहिलेल्या गोण्या, हिशेबाच्या वह्या, वजनकाटा. काकूंनी दोनदा हाक मारली की आधी सासूबाईंना वर घ्या. काकांचं उत्तर एकच, रेघेपर्यंत यायला अजून वेळ आहे. ते बेफिकीर नव्हते ताई. सोळा वर्षांपूर्वी पाणी किती वेळात किती चढलं, हे त्यांनी स्वतः त्याच दुकानात उभं राहून पाहिलं होतं, आणि त्या अनुभवावर त्यांचा विश्वास होता. ह्या वेळी पाणी त्याहून फार वेगाने चढलं.

मांडीला पाणी लागल्यावर दोघे आजींकडे धावले. मोबाइल दातांत धरून त्याच्या उजेडात तुझ्या लेकाने त्यांना पाठुंगळी घेतलं, काकांनी मागून आधार दिला. जिन्यापाशी आले तर फ्रिज तरंगत येऊन आडवा जिन्याच्या तोंडात बसलेला. रिकामा फ्रिज पाण्यावर तरंगतो हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. बाहेरून येणारा लोंढा फ्रिजला जिन्यात आणखी रेटत होता. काकू वरून ओढत होत्या, काका खालून ढकलत होते, तो हलेना. शेवटी काकांनी आजींना आपल्या खांद्यावर घेतलं, तुझ्या लेकाने भिंतीला पाठ लावून दोन्ही पायांनी फ्रिज रेटला, आणि जी फट पडली त्यातून आजी वर गेल्या. पाणी तेव्हा त्याच्या छातीला होतं. पुढचं शटर बाहेरच्या दाबाने वाकून पन्हाळीत अडकलं होतं, मागचं दार फुगून बसलं होतं. जिना सोडून दुसरी वाट उरली नव्हती.

रेघ पाण्याखाली गेली ती माळ्यावरून त्यांना दिसली. मग तिच्या वरची फळी गेली. साखर विरघळून गेली, वह्या फुगून गठ्ठ्यांच्या दोऱ्या तुटल्या, तेलाचे डबे माळ्याच्या तक्तपोशीला खालून ठोकर देत राहिले. काका तो आवाज ऐकत बसले होते, असं काकू सांगतात.

उजाडल्यावर माळाही सुरक्षित नाही हे कळलं. तक्तपोशीच्या फटींतून पाणी झिरपायला लागलं. शेजारी पक्की दुमजली इमारत, तिच्या गच्चीवर मोहल्ल्यातली पाच-सहा मुलं रात्रीपासून दोर घेऊन उभी होती. ईदची पाहुणेमंडळीही त्यांच्यात होती. त्यांनी ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब दोराला बांधून सोडली. चार कौलं काढून आजींना बाहेर घेतलं, ट्यूबमध्ये बसवलं, आणि दोन मुलं पोहत दोन्ही बाजूंनी धरून घेऊन गेली. मग काकू, मग काका. तुझा लेक शेवटी गेला. तिथे गच्चीवर तीसेक माणसं होती. प्यायला पाणी नाही म्हणून पत्र्याच्या पागोळ्या पातेल्यात धरल्या, फडक्याने गाळून आधी पोरांना दिल्या. मोबाइलला रेंज नव्हती, तुला त्याचा फोन लागत नव्हता तो याच वेळी.

गावात ठिकठिकाणी हेच चाललं होतं. एसटीच्या आगारात बस बुडाल्या, तेव्हा आगारप्रमुखांनी नऊ लाखांच्या आसपासची रोकड सोबत घेऊन कित्येक तास बसच्या टपावर काढले. सरकारी पैसा पाण्यात जाऊ द्यायचा नाही एवढं एकच त्यांच्या मनात होतं. एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली, आणि आठ रुग्ण दगावले. १८६४ सालापासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ पाठोपाठ दुसऱ्यांदा पुस्तकांचा लगदा झाला. महामार्गावर वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, कोकण रेल्वे थांबली, म्हणून एनडीआरएफच्या बोटी येईपर्यंत गावकऱ्यांनीच गावकऱ्यांना काढलं.

शुक्रवारी पाणी उतरलं, आणि चिखल राहिला. घोट्यावर, कुठे गुडघ्यावर, चिकट, डिझेल आणि सांडपाण्याच्या वासाचा. भिजून फुगलेल्या तांदळाला दुसऱ्या दिवशी जो वास सुटतो तो तुझ्या लेकाला अजून सहन होत नाही. कुकरची शिट्टी झाली की तो बाहेर जाऊन उभा राहतो. हे तो तुला सांगणार नाही, म्हणून मी लिहिलं.

पंचनामा झाला. सरकारने ऑगस्टमध्ये साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात दुकानदाराला जास्तीत जास्त पन्नास हजार. काकांची नुसती उधारी त्याच्या कितीतरी पट आहे. व्यापाऱ्यांनी उधारीची मुदत वाढवून दिली म्हणून दुकान दिवाळीला उघडलं.

हा पूर का आला, यावर गावात एक वाद आहे तो तुला ठाऊक असावा. कोयनेचं पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरतं, वीज करून कोळकेवाडी धरणात येतं, तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सोडतात. म्हणून तर आपल्या कोकणातल्या इतर नद्या मे महिन्यात कोरड्या पडतात आणि वाशिष्ठी वाहत असते. त्या रात्री वरून किती पाणी सोडलं, याबद्दल लोकांना संशय आहे. अधिकारी म्हणतात की पूर पावसाचा आणि भरतीचा होता. मला ह्यात निवाडा करता येत नाही. पण नदीचं पात्र गाळाने भरलंय हे डोळ्यांनी दिसतं. पात्रात बेटं झाली आहेत, त्यांवर झाडं वाढली आहेत. जिथे पाणी मावायचं ती जागाच उरलेली नाही, म्हणून २००५ ला जे पाणी रेघेपाशी थांबलं त्याची आजच्या पात्राशी तुलना करणं चूक होतं. रेघ जागच्या जागी राहिली आणि नदी वर आली.

सध्या प्रांत कार्यालयासमोर साखळी उपोषण चालू आहे. आधी वाशिष्ठीचा आणि शिव नदीचा गाळ काढा, मग पूररेषांचं बोला, अशी मागणी. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषांच्या आत बांधकामाला बंधनं येतात, आणि अख्खी बाजारपेठ आत जाते. काका गुडघे धरले असताना दोन वेळा तिथे जाऊन बसले. मला त्यांची मागणी रास्त वाटते. त्याचबरोबर असंही वाटतं की गाळ निघाला तरी घाटातल्या पावसाचा आणि नदीच्या पातळीचा इशारा मध्यरात्री बाजारपेठेतल्या झोपलेल्या माणसापर्यंत कसा पोचायचा, ह्याचं उत्तर लोकांना मिळायला हवं. त्या रात्री काकांना मोरीने कळवलं.

काकांनी खांबावर नवी रेघ ओढलेली नाही. ओढायला जागाही नाही म्हणा, पाणी तक्तपोशीपर्यंत होतं.

गल्लीतल्या मुलांनी मात्र एक काम केलंय. कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाकडे दोर आणि ट्यूब आहे, कोणाची गच्ची उघडी असते, याची यादी करून प्रत्येक घर दोघा-दोघांना वाटून दिलं आहे. ठरलंय असं, की मोरीला उलटं पाणी आलं की आधी माणसं हलवायची, मालाला हात लावायचा नाही. यादीत मोहल्ल्यातली मुलं आहेत, बाजारपेठेतली आहेत, तुझा लेकही आहे. तू त्याला नागपूरला नोकरी बघ म्हणतेस ते आई म्हणून बरोबरच आहे, आणि त्याच्या मनात असेल तर त्याला कोणी अडवणार नाही. पण एवढ्यात तो जाईल असं मला दिसत नाही. मेमध्ये सुटी काढून तो तुझ्याकडे येतो आहे. त्याला आंबे खायला थांबवून घे, पण मृगाच्या आत परत पाठव. यादीत त्याच्या नावापुढे दोन घरं आहेत, आणि त्यातल्या एका घरात आजी आहेत.

 

तुझा,
भाऊ