मागच्या सीटचा हिशेब

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशीं आम्ही नव्या मोटरसायकलीवरून फाटकांतून आंत आलों, तेव्हां दहावीच्या मुलांनीं आम्हांस गराडा घातला. "सर, कितीला पडली?" "सर, लिटरला किती जाते?" "सर, टॉप किती?" असे प्रश्न एकामागून एक आले. ज्या मुलांच्या तोंडून भूगोलाच्या तासाला एका शब्दाचें उत्तर काढावयाचें म्हणजे आम्हांस घाम फुटतो, तींच मुलें यंत्राचे घनसेंटिमीटर आणि अश्वशक्ति तोंडपाठ सांगत होतीं, ही मोठी मौजच. प्रश्न वीस तरी झाले असतील. परंतु मागें बसणारास ही गाडी कशी आहे, हें एकानेंहि विचारिलें नाहीं. मुलांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण हा प्रश्न स्वतःस विचारावयास आम्हांस एकोणीस वर्षें लागलीं.

आमचा विवाह २००६ सालीं झाला आणि त्याच वर्षीं शंभर घनसेंटिमीटरची एक साधी मोटरसायकल आम्हीं हप्त्यांनीं घेतली. त्या गाडीनें आमचा संसार ओढला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आमची पत्नी एका रुग्णालयांत परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून ती बाहेर येई, आम्ही गाडी घेऊन उभे असूं, आणि ती मुकाट्यानें मागें बसे. बारा तास उभ्यानें काढलेल्या पाठीस त्या सीटवर काय वाटत असेल, याचा विचार आमच्या मनांत कधीं आला नाहीं. "बरी बसलीस ना?" असें आम्ही विचारीत असूं, आणि "हो, चालेल" असें उत्तर येई. या 'चालेल' शब्दावर आम्हीं एकोणीस वर्षें पेट्रोल वाचविलें.

तिचें माहेर दापोलीजवळ आहे. अहिल्यानगराहून, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगराहून, तें सुमारें तीनशें किलोमीटर पडतें. शिरूर, पुणें, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगांव, मंडणगड अशी वाट. एवढ्या लांबचा प्रवास आम्ही आजवर एस. टी.नें करीत आलों. परंतु २०२४ च्या नाताळांत आमच्या एका मित्रानें आपली मोठी मोटरसायकल चार दिवसांसाठीं देऊं केली, आणि आम्हांस तारुण्याची लहर आली. गाडी दिसावयास फार देखणी होती. तिची शेपटी विंचवाच्या नांगीसारखी वर गेलेली, आणि त्या नांगीवर वीतभर रुंदीची एक उशी, तीच मागची सीट.

शिरूर मागें पडेपर्यंत आमची पत्नी कांहीं बोलली नाहीं. शिक्रापुरास चहाला थांबलों, तेव्हां तिला खालीं उतरतां येईना. उजवा पाय बधिर झाला होता. चहाच्या दुकानांतील बाईनें पुढें येऊन तिला धरून उतरविलें. "जरा मुंग्या आल्या आहेत, चालेल," ती म्हणाली, आणि आम्हीं तें पुन्हां खरें मानलें. रात्रीं पुण्यास नातलगांकडे ती जमिनीवर सतरंजी टाकून उताणी पडून राहिली, आणि सकाळीं एस. टी.नें पुढें गेली. आम्हीं ती गाडी एकट्यानें दापोलीस नेली. घाटांतील वळणांवर आम्हांस अत्यंत सुखाचा प्रवास घडला, हें सांगावयास लाज वाटते. तीच गाडी, तोच रस्ता. पुढील मनुष्यास स्वर्ग आणि मागीलास शिक्षा.

परत आल्यावर आमच्या मनानें घेतलें कीं, प्रथम आपण स्वतः मागें बसून पाहावें. गणित शिकविणारे आमचे सहकारी पुढें बसले, आणि आम्ही, वजन ब्याऐंशी किलो, त्यांच्या मागें. शाळेपासून पंचवीस किलोमीटर जाऊन परत यावयाचें होतें. पहिल्या पांच मिनिटांतच आम्हांस दोन गोष्टी कळल्या. पहिली ही कीं, मागें बसणारास रस्ता दिसत नाहीं. त्यास फक्त पुढच्याचें हेल्मेट दिसतें. चालविणारा खड्डा पाहतो, नकळत पाठ सावरतो, हात घट्ट करतो. मागील मनुष्यावर तोच खड्डा दरोड्यासारखा येऊन पडतो. दुसरी गोष्ट आमच्या सहकाऱ्यांनीं परतल्यावर फळ्यावर काढून दाखविली. दोन चाकें म्हणजे फळीचे दोन टेकू समजा. चालविणारा त्या फळीच्या मध्याजवळ बसतो. एक टोंक उचललें तरी त्याच्या वांट्यास अर्धाच धक्का येतो. मागील मनुष्य मात्र मागच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर असतो. त्या चाकाचा सबंध धक्का त्याचा. त्यांत सीट पुढें उतरती असेल, तर दर ब्रेकला तो पुढच्याच्या पाठीवर घसरतो. पाय ठेवण्याचे दांडे उंच असतील, तर गुडघे छातीकडे येतात. आम्ही पन्नास किलोमीटरांत चार वेळां "थांबा" म्हणालों. आमची पत्नी एकदांहि म्हणाली नव्हती.

मग गाडी निवडण्याचें काम सुरू झालें. प्रथम कायद्याकडे पाहिलें. मागें बसणारासाठीं धरावयास पक्की मूठ, पाय ठेवावयास जागा, आणि मागील चाकाचा निम्मा भाग झांकणारें आवरण असावें, असें १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. या आवरणासच आपण साडीगार्ड म्हणतों. हेल्मेट दोघांसहि लागतें. परंतु ही मूठ बसणाऱ्याच्या हातास सुखानें लागते कीं पाठीमागें हात मुरगळून शोधावी लागते, हें कायद्यांत लिहिलेलें नाहीं. तें बसूनच पाहावें लागतें.

दुकानांत गेलों, तेव्हां विक्रेता तरुण आमच्याशींच बोलत होता. पत्नीकडे त्यानें फक्त पाण्याचा पेला पुढें केला. आम्ही दोघेंहि बसून पाहणार, आणि तेंहि गांवांतील सर्वांत खड्डेदार रस्त्यावर, असें म्हणतांच तो गोंधळला. "मॅडमना कशाला त्रास, सर?" असें तो म्हणाला. त्याचा हेतु चांगला होता.

दोघांच्या दूरच्या प्रवासास मोठी गाडी सुखाची, हें खरें. रॉयल एनफील्डची सुपर मीटिऑर ६४८ घनसेंटिमीटरची. दोघें आणि सामान घेऊन घाट चढतांना तिला धाप लागत नाहीं. परंतु तिचें वजन २४१ किलो आहे, आणि आमच्या अंगणांतून ती उलटी बाहेर काढावयास चौथीचा वर्ग बोलवावा लागला असता. हिमालयन ४५२ घनसेंटिमीटरची, पुष्कळ हलकी, १९६ किलो. परंतु तिची चालकाची सीटच ८२५ मिलिमीटर उंच, मागची त्याहून वर. पांच फुटांच्या बाईनें तिच्यावर चढावें म्हणजे घोड्यावर चढण्यासारखें. होंडाची हायनेस सीबी ३५० ही १८१ किलोची आणि शांत यंत्राची, आणि मीटिऑर ३५० ची सीट केवळ ७६५ मिलिमीटर. या शेवटच्या दोन्ही गाड्यांचें यंत्र साडेतीनशें घनसेंटिमीटरांच्या किंचित् आंत बसतें.

हा 'किंचित् आंत' फार मोलाचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या दुचाकीवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला; त्याहून मोठ्या यंत्रावर अधिभार धरून ३१ टक्के होता, तो ४० झाला. नवीन गाडीबरोबर त्रयस्थाचा विमा पांच वर्षांचा एकदम भरावा लागतो, आणि तोहि साडेतीनशेंच्या वर गेलें कीं दुपटीहून अधिक. आम्हीं विचारपूस केली तेव्हां लहान यंत्राच्या गाड्या दोन लाखांच्या आगेंमागें होत्या, हिमालयन तीन लाखांच्या वर, आणि साडेसहाशेंची चार लाखांच्या आसपास. पेट्रोलाचा फरक मात्र लोक समजतात तेवढा नाहीं. वर्षाकाठीं आमचें फिरणें सहा हजार किलोमीटर धरलें, एक गाडी लिटरला तेहतीस जाते आणि दुसरी पंचवीस असें धरलें, तर फरक साठ लिटरांचा, म्हणजे सहा हजार रुपयांच्या जवळपास. ज्या आंकड्याविषयीं मुलें प्रथम विचारतात, तो आमच्या वहींत सर्वांत खालच्या ओळींत गेला.

वरच्या ओळींत आमच्या कन्येची फी होती. ती पुढील वर्षीं बारावी होईल. दोन लाखांचा फरक म्हणजे तिच्या शिक्षणाचें एक वर्ष, असा आमचा हिशेब. एका रात्रीं वही घेऊन बसलों असतां आम्ही पत्नीस म्हणालों, "हें सगळें सोडून देऊं. महिलांना २०२३ पासून एस. टी.त अर्धें तिकीट आहे. तुझ्या पाठीलाहि तें बरें. याहून स्वस्त आणि सुखाचें कांहीं नाहीं." हिशेब बिनचूक होता. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "अहो, मुळशीचें पाणी दिसायला लागतें ना, तिथें मला दर वेळीं वाटतें कीं उतरावें. वीस वर्षें वाटतें आहे. एस. टी. तिथें थांबत नाहीं."

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. वही मिटली.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला विचारलें तें असें: "कोणती बरी?" नव्हे, तर "प्रत्येक गाडीवर कोठें दुखलें?" 'चालेल' हें उत्तर या प्रश्नास देतां येत नाहीं. तिनें परिचारिकेच्या शिस्तीनें सांगितलें. एकीवर गुडघा, एकीवर माकडहाड, एकीवर मूठ दूर म्हणून खांदा. मोठ्या गाडीवर धक्के कमी बसले, पण उभी करतांना आमचे हात कांपतात हें तिला मागें कळत होतें, आणि त्यामुळें तिची पाठ ताठ राहत होती. मागें बसणारास चालकाचें भय अंगांतून समजतें. हें कोणत्याहि माहितीपत्रकांत छापलेलें नसतें. सर्वांत कमी तक्रारी मीटिऑरवर निघाल्या. तिचीं चाकें मिश्रधातूचीं आणि टायर ट्यूबविरहित, म्हणजे पंक्चर झालें तर दोघांनीं सामानासह घाटांत ताटकळावयास नको, ही आणखी एक जमेची बाजू.

वाचलेल्या पैशांपैकीं थोडे आम्हीं मागच्या सीटवर घातले. आमच्या गांवांत रिक्षांच्या गाद्या शिवणारा एक म्हातारा कारागीर आहे. त्यानें पत्नीस गाडीवर बसवून खडूनें खुणा केल्या, गादी एक बोट रुंद केली, पुढचा उतार भरून सपाट केला. पाठ टेकावयास एक आधार बसविला. सर्व मिळून सहा हजारांच्या आंत झालें. म्हणजे वर सांगितलेल्या पेट्रोलाच्या फरकाएवढेंच. मागील शॉकॲब्सॉर्बर, ज्यांस गॅरेजांत नुसतें 'शॉकअप' म्हणतात, ते दोघें बसतांना एकदोन घरें घट्ट करावे लागतात आणि मागील चाकांत हवा थोडी अधिक लागते, हेंहि तेथेंच शिकलों. पूर्वीं आम्ही एकटे असूं वा दोघें, सारें तसेंच ठेवीत असूं.

गादी शिवून होईपर्यंत दुकानाच्या बांकावर बसलों असतां आम्हांस आमच्या आईची आठवण झाली. वडील तिला सायकलीच्या कॅरियरवर बसवून आसपासच्या खेड्यांत नेत. आई निघतांना जुन्या गोधडीची चौघडी करून कॅरियरवर बांधी. ती आपली आपणच बांधी; वडिलांनीं बांधलेली आम्हीं कधीं पाहिली नाहीं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरला, पहांटे निघालों. दर साठ किलोमीटरांवर थांबावयाचें, दुखो वा न दुखो, असें ठरविलें होतें, आणि तें बहुतेक पाळलें. मुळशीस अर्धा तास बसलों. तिनें तेथें विशेष कांहीं केलें नाहीं. चपला काढून दगडावर पाय ठेवले आणि पाण्याकडे पाहत राहिली. ताम्हिणी उतरतांना ती गुणगुणत होती, असें हेल्मेटांतून वाटलें. खात्री देतां येत नाहीं.

पाठ दुखलीच नाहीं असें लिहिलें तर तें खोटें होईल. मंडणगडाच्या अलीकडे, लाल मातीचा रस्ता लागल्यावर, आमच्या खांद्यावर दोन थापा पडल्या.

"अहो, थांबा. दुखतें आहे."

एकोणीस वर्षांत हे शब्द आम्हीं प्रथमच ऐकले. गाडी एका आंब्याखालीं घेतली. ती आपल्या पायांनीं उतरली, कमरेवर हात ठेवून थोडी चालली, आणि आम्ही डब्यांतून चहा ओतला. दापोलीस पोंचावयास अजून तासाभराची वाट होती, आणि कोणासहि घाई नव्हती.