दोरी दोघांनी धरायची असते

मळवली स्थानकाच्या उत्तरेला कार्ल्याकडे आणि दक्षिणेला भाजे, लोहगडाच्या पायथ्याकडे जी भातखाचरे बंगले आणि द्रुतगती मार्गाच्या रेट्यातून अजून टिकून आहेत, त्यांत गेल्या चार दशकांत भाताच्या दोन नव्या गोष्टी आल्या. एक म्हणजे इंद्रायणी हे वाण. जवळच्याच वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने ते १९८७ साली दिले. दुसरी म्हणजे डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री लागवड. इंद्रायणी मावळात अशी पसरली की आज या भागाची ओळखच तिच्या वासाने होते. चारसूत्रीने उत्पादन वाढते आणि खत वाचते, हे प्रयोगांतून दिसूनही ती तेवढी सरसकट पसरली नाही. कृषी विभागाला तिची प्रात्यक्षिके अजून घ्यावी लागतात. शेतकरी तेच, पाऊस तोच, खाचरेही तीच. मग फरक कुठे पडला? माणसे आणि गट नवे तंत्र कसे स्वीकारतात, विशेषतः माहितीच्या यंत्रणा, हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला या दोन उदाहरणांत दिसतो. एखादे तंत्र किती चांगले आहे यापेक्षा ते वापरण्यासाठी किती जणांना एकाच वेळी आपले काम बदलावे लागते, आणि त्या बदलाचा भार व लाभ कोणाच्या वाट्याला येतो, यावर त्याचे भवितव्य ठरते.

इंद्रायणी घ्यायची तर शेतकऱ्याने रोपवाटिकेत बी बदलायचे, एवढेच. आवणीला येणाऱ्या बायका, नांगरणारा, मळणीवाला, कोणालाही हात वेगळा चालवावा लागत नाही. चारसूत्रीचे तसे नाही. तिची पहिली दोन सूत्रे, म्हणजे भाताच्या अवशेषांचा फेरवापर आणि गिरिपुष्पाचा पाला खाचरात गाडणे, शेतकरी घरच्या घरी करू शकतो. अडते ते तिसऱ्या आणि चौथ्या सूत्राशी. तिसऱ्यात १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून खुणा केलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि लावणाऱ्यांनी नेमक्या खुणेवर दोन-तीनच रोपे लावायची. चौथ्यात प्रत्येक चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात हाताने खोचायची. आवणी उक्ती दिली असेल तर दोरीमागे जाणारे प्रत्येक मिनिट हा लावणाऱ्या टोळीचा तोटा असतो, आणि वाढलेले उत्पादन खाचराच्या मालकाचे. तंत्र पटते मालकाला, राबवायचे असते टोळीने.

माझ्या क्षेत्रातला मुख्य प्रवाह ही गाठ फारशी पाहत नाही, कारण त्याने अभ्यासाचा घटक म्हणून एकटा माणूस धरला. या परंपरेच्या मुळाशीही शेतीच आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन संकरित मक्याचा प्रसार अभ्यासला आणि १९४३ साली निष्कर्ष मांडले. प्रसारसिद्धान्ताचा पाया तिथे पडला. पण संकरित मका हेही इंद्रायणीसारखे बीच होते; ते पेरायला शेजाऱ्याचे काम बदलावे लागत नव्हते. पुढे फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप मांडले. आयबीएमच्या टोरोंटो येथील प्रयोगशाळेतल्या ११२ वापरकर्त्यांकडून त्यांनी ई-मेल आणि लेखन-संपादनाच्या आज्ञावलीबद्दल मते घेतली. माणसाला तंत्र उपयुक्त वाटते का आणि सोपे वाटते का, या दोन प्रश्नांवर वापर अवलंबून असतो, आणि त्यातही उपयुक्तता वरचढ ठरते, असे त्यांना आढळले. विश्वनाथ वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा आठ प्रारूपांचे एकीकरण केले. वापराच्या इराद्यातल्या सुमारे ७० टक्के फरकाचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले. हे काम भक्कम आहे. पण ते इरादा मोजते, तोही एकेकट्याचा.

दुसरी परंपरा डेव्हिस यांच्या प्रारूपापेक्षा जुनी असूनही दुर्लक्षित राहिली. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या कोळसाखाणींबद्दल लिहिले. नव्या यांत्रिक पद्धतीने एकमेकांची कामे सांभाळणारे छोटे गट मोडले, प्रत्येकाला एक तुकडा काम दिले, आणि उत्पादनाची अपेक्षित वाढ हाती आली नाही. त्यांचे सहकारी ए. के. राइस यांनी हाच विचार अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये तपासला. तिथे नवे स्वयंचलित माग बसवूनही काम सुधारेना. १९५३ मध्ये मागांचा एकेक संच एकेका छोट्या गटाच्या जबाबदारीवर सोपवल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड घटले. माग तेच होते आणि कामगारही. रिचर्ड बोहमर आणि गॅरी पिसानो यांच्यासह एमी एडमंडसन यांनी २००१ मध्ये १६ रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेचे नवे तंत्र कसे रुजते ते पाहिले. शल्यविशारदाची ज्येष्ठता किंवा संस्थेची साधने यांनी यश ठरले नाही. परिचारिका आणि यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ चूक दिसताच निर्धास्तपणे बोलू शकतात का, याने ठरले.

आता महाराष्ट्राची ई-पीक पाहणी या दोन्ही परंपरांच्या उजेडात पाहू. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा, म्हणजे पीकपेरा, पूर्वी तलाठी भरत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानेच आपल्या गटात उभे राहून मोबाइलवर पीक, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरायचे आणि छायाचित्र काढून पाठवायचे, अशी व्यवस्था आली. कल्पना योग्य होती. आपल्या पिकाची नोंद आपल्याच हाती असणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तलाठ्याने चावडीत बसून गेल्या वर्षीचाच पीकपेरा पुन्हा उतरवण्याच्या सवयीला आळा बसणे गरजेचे होते. पण काम तलाठ्याकडून खातेदाराकडे सरकले, हेही तितकेच खरे. खरिपाची नोंद ऑगस्ट-सप्टेंबरात करायची, म्हणजे मावळात ऐन पावसात. सातबाऱ्यावर सामाईक नावे अनेक, त्यातली काही मुंबईला, काही तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर. बांधावर उरते ती बहुधा घरातली वयस्क बाई किंवा कसणारा वाटेकरी. प्रत्येकाचे काम थोडे, पण नोंद पूर्ण व्हायला सगळ्यांचा मेळ लागतो. नोंद राहिली की पीकपेरा कोरा राहतो, आणि कर्ज, विमा, नुकसानभरपाई, धान खरेदी अशा प्रत्येक ठिकाणी तो आडवा येतो.

या प्रणालीत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या तिच्या गटाचे भान ठेवणाऱ्या तरतुदी. एका मोबाइल क्रमांकावरून २० खातेदारांची नोंदणी करता येते. म्हणजे गावातला एक जाणता मुलगा किंवा मुलगी वाडीचे काम करू शकेल, हे तिने मान्य केले. पुढच्या आवृत्तीत गावातल्या इतरांच्या नोंदी पाहण्याची सोय आली, ४८ तासांत आपली चूक स्वतः दुरुस्त करता येऊ लागली आणि १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या असे ठरले. राहिलेल्या गटांसाठी आता गावपातळीवर सहायकही नेमले जातात. जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये गटाने वापरायच्या संगणक-प्रणाली का फसतात याचे एक कारण दाखवले होते : काम एकाने करायचे आणि फायदा दुसऱ्याला व्हायचा. बैठकीची वेळ आपोआप ठरवणारी दिनदर्शिका साहेबाला सोयीची, पण ती चालावी म्हणून हाताखालच्या प्रत्येकाला आपले वेळापत्रक भरत बसावे लागते. वरच्या तरतुदी हे अंतर कमी करतात, म्हणून त्यांना जोडसुविधा न मानता प्रणालीचा गाभा मानले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सक्ती केली आणि तरुण पिढी आली की सगळे आपोआप वापरू लागतात. यूपीआयला कुठे गटाचा विचार करावा लागला? पण सक्तीने नोंदींची संख्या वाढते, त्यांचा खरेपणा वाढत नाही. भाताच्या जागी सोयीचे पीक नोंदवले, तरी मुंबईतल्या पडद्यावर टक्केवारी पूर्णच दिसणार. आणि यूपीआयमध्ये पैसे देणारा व घेणारा दोघांनाही लाभ त्याच क्षणी मिळतो. भार आणि लाभ यांत अंतरच नाही. ते उदाहरण माझ्या मुद्द्याला बळकटीच देते. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा : वेंकटेश यांच्या एकत्रित प्रारूपात सामाजिक प्रभाव हा घटक आहेच की. आहे, पण तो 'माझ्या जवळच्यांना मी हे वापरावे असे वाटते का' एवढेच विचारतो. दोरीचे दुसरे टोक कोणी धरायचे, आणि त्याला त्याबद्दल काय मिळणार, हा मताचा प्रश्न नाही. कामाच्या वाटणीचा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गावाचा गट हा समान माणसांचा नसतो. वीस जणांच्या नोंदी एकाच्या मोबाइलवर गेल्या की त्याच्याकडे सत्ता जाते. वारसा हक्काने नाव लागलेली बहीण, सातबाऱ्यावर नाव नसलेला वाटेकरी, कातकरी वस्ती, यांचे म्हणणे त्यात हरवू शकते. हे खरे आहे, आणि म्हणूनच गटाला अदृश्य ठेवून चालणार नाही. व्यक्ती हाच घटक धरला तरी मदतनीस तयार होतोच, फक्त त्याचे नाव कुठे लागत नाही आणि त्याला जाब विचारता येत नाही. नोंद कोणी केली हे खातेदाराला दिसणे, मदतीचा मोबदला उघड आणि ठरलेला असणे, आणि हंगामाअखेर सगळा पीकपेरा चावडीवर मोठ्याने वाचून हरकती घेणे, हे त्यावरचे उपाय आहेत. चावडीवाचन महसूल खात्याला नवे नाही. संगणकीकृत सातबारा बिनचूक करताना त्याने ते गावोगाव घेतले होते.

माझी मागणी साधी आहे. यापुढे राज्यातली कोणतीही प्रणाली गावात उतरवण्याआधी तिच्या आराखड्यासोबत एक तक्ता सादर व्हावा : या प्रणालीने कोणाचे काम किती वाढते, लाभ कोणाला आणि किती उशिरा मिळतो, आणि चूक झाल्यावर ती बोलून दाखवण्याची सोय सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाला आहे का. यश मोजताना ॲप किती जणांनी उतरवून घेतले हे न विचारता, किती गावांचा पीकपेरा शिवाराशी जुळतो हे विचारावे. संशोधकांनीही प्रश्नावली एकेकट्याच्या हाती देऊन थांबू नये. खातेदार, वाटेकरी, सहायक आणि तलाठी यांना एकत्र एक घटक मानून अभ्यास करावा. ज्यांच्या कामावर प्रणाली उभी राहते, त्यांना तिच्या लाभात वाटा आणि तिच्या दुरुस्तीत आवाज मिळाला, तरच ती त्यांची होईल. आणि त्यांची झाली तरच तिच्यातली माहिती आपल्याला खरी मानता येईल.