वीस मिनिटे

यंत्रांशी माझे कधीच जमले नाही. सायकलची चेन पडली तर ती बसवायला मी वर्गातल्या एखाद्या पोराला हाक मारतो आणि तो हात काळे करीत असताना त्याला स्वावलंबनाचे महत्त्व सांगत उभा राहतो. अशा माणसाची झोप यंदाच्या मे महिन्यात एका मोटरबोटीच्या इंजिनाने उडवली, हे कळले तर ते पोर पोट धरून हसेल.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत, डेट्रॉइटला, मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मॅट्रिक होताच दादा शाळेत चिकटला म्हणून मी शिकलो, असे तो लोकांना सांगतो. खरे म्हणजे मला गणित येत नव्हते. सुटीत त्याने मला तिकडे बोलावून घेतले. शहराच्या ईशान्येला सेंट क्लेअर नावाचे सरोवर आहे. ऐलतीर अमेरिकेचा, पैलतीर कॅनडाचा. उन्हाळा आला की त्यावर बोटींची जत्रा भरते. भावानेही १९८० च्या सुमाराची एक जुनी वेगवान बोट घेतली होती आणि सारा हिवाळा खपून तिचे इंजिन नव्याने जुळवले होते. शेव्हरलेटचे, आठ सिलिंडरांचे, ३५० घनइंचांचे. या घराण्याचा मूळपुरुष १९५५ सालचा, हे त्याने आमच्या पणजोबांविषयी बोलावे तशा आदराने सांगितले.

अशा इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो. त्यावर अंड्याच्या टोकासारखे सोळा उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट. उंचवटा वर आला की टॅपेट उचलला जातो आणि आपली झडप उघडतो. इंजिनाने श्वास केव्हा घ्यायचा, किती खोल घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, हे हा दांडा ठरवतो. टॅपेटच्या जाती दोन. एक सपाट तळाचा. तो उंचवट्यावर घासत जातो. दुसऱ्याच्या तळाला पोलादी चाक; ते लोळत जाते. चाकवाल्याला झडप अधिक झपाट्याने उघडता येते. सपाटाला तशी घाई केली तर त्याची कडच उंचवट्यात रुतते. म्हणून वेगाचे शौकीन चाकवाला घेतात. पण त्याची किंमत सपाटाच्या कितीतरी पट. भावाने सपाट निवडला. काटकसर त्याने घरूनच नेली आहे.

“आणि गंमत म्हणजे, दादा,” तो म्हणाला, “हा सपाट म्हणवतो, पण सपाट नसतो. तळाला डोळ्यांना न दिसणारा फुगीरपणा असतो आणि उंचवट्याला किंचित उतार. त्यामुळे टॅपेट जागच्या जागी गरगरतो. गरगरायचा थांबला की संपला!”

इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावरची पहिली वीस मिनिटे या दोघांची ओळख पटण्याची. तेवढा वेळ इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांच्या खाली येऊ द्यायचे नाही. कारण कॅमला तेल मिळते ते मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि इंजिन मंदावले की शिंतोडेही आटतात. ओळख पटली की सोळा जोड्या कायमच्या ठरल्या. पुढे इंजिन खोलले तरी त्यांची अदलाबदल करायची नाही.

एका शनिवारी सकाळी तो मुहूर्त आला. बोट दारात गाड्यावर उभी होती. इंजिन थंड ठेवायला सरोवराऐवजी बागेतल्या नळीचे पाणी जोडले. भाऊ बोटीत, मी खाली घड्याळ धरून. इंजिन धडधडू लागले. आठवे मिनिट चालू असेल, तोच पायरीवरचा त्याचा फोन वाजला. आपल्याकडे तेव्हा दिवेलागण झालेली. देवापाशी दिवा लावला की आई त्याला फोन करते, हा तिचा नेम. मी फोन उंच धरून ओरडलो, “अरे, आईचा फोन!”

त्याने एकदा इंजिनाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग इंजिन मंद केले आणि हात पुढे केला. आईला कमी ऐकू येते. जेवलास का, दादाला तिकडची हवा मानवते का, एकेक प्रश्न तीनतीनदा. सात मिनिटे गेली. मग त्याने इंजिनाचा वेग पुन्हा वाढवला आणि उरलेला वेळ पुरा केला. मला एका शब्दाने बोलला नाही.

तीन आठवड्यांनी सरोवरावर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. घरी येऊन त्याने तेलाचा फिल्टर कापला, तर आत लोखंडाचा चुरा रांगोळीसारखा चमकत होता. एक उंचवटा झिजून जवळजवळ गोल झाला होता. तो चुरा सगळीकडे पसरलेला. सारे इंजिन पुन्हा खोलणे आले. “काका, पहिल्या वीस मिनिटांत वेग उतरला की असे होते,” सोळा वर्षांचा पुतण्या सहज बोलून गेला. त्याला काय ठाऊक! मला रात्री झोप येईना. “आई, थोड्या वेळाने कर,” एवढे मला का सुचले नाही?

शेवटी भावापाशी मन मोकळे केले. तो म्हणाला, “त्या सात मिनिटांनीच झाले असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सारे नियम पाळूनही सपाट टॅपेट जातात. आणि चूक असलीच तर माझी. मी इंजिन बंद करायला हवे होते.”

मग नव्या कॅमचा खल सुरू झाला. पुतण्याला शर्यतीच्या इंजिनातला ताठ चाकवाला हवा होता. भावाने मान हलवली. मोटार उतारावर विसावा घेते. बोटीला पाणी सतत अडवते, तिचा सारा प्रवास चढाचाच. उलट धक्क्याजवळ लाटा उठू नयेत म्हणून तिला कितीतरी वेळ रांगावेही लागते. तसे रांगताना ताठ चाकवाल्याच्या चाकातल्या बारीक सुया कडक स्प्रिंगांच्या दाबाखाली तेलावाचून मरतात. म्हणून घ्यायचा तर तेलाच्या दाबावर आपली फट आपण सांभाळणारा, मवाळ चाकवाला. १९८७ पासून या घराण्यातल्या मोटारींच्या इंजिनांत तो कारखान्यातूनच येऊ लागला. भावाचे इंजिन त्याआधीचे. त्याला दोन-दोन टॅपेट पट्टीने जोडलेले लागणार, कारण चाक आडवे वळले तर कॅमच खरवडून टाकते. म्हणजे आणखी खर्च.

“दादा, तुझे मत काय?”

मी सपाटाच्या बाजूने बोललो. पैसे वाचतील म्हणालो. “या वेळी मी घड्याळ धरीन. कोणाचाही फोन आला तरी तुला हाक मारणार नाही.” बोलता बोलता माझा आवाज कापला.

भावाने सपाटाची यादी दुमडून खिशात टाकली. “नको, दादा. चाकवाल्याला त्या वीस मिनिटांचे सोवळे नसते.”

“अरे, पण एवढा खर्च?”

“आई आता पंचाहत्तरीची झाली. इंजिन चालू असताना तिचा फोन आला, तर घेता आला पाहिजे.”

मी परत आलो, शाळा सुरू झाली. गणपतीतल्या एका शनिवारी दिवेलागणीला आईने तिकडे फोन लावला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. पलीकडून इंजिनाची धडधड ऐकू आली. मग ती हळूहळू मंदावली. आईला त्यातले काहीच ऐकू आले नव्हते. तिकडे सकाळ असते हेही ती विसरली होती.

“जेवलास का?” तिने विचारले.