आबांचा उजवा शंख

आमच्या घरात ‘शंख’ हा शब्द दोनच कारणांनी निघायचा. एक देवाचा, दुसरा माझा. गणितात बारा मार्क पडले की आबा म्हणायचे, “पोरगं नुसतं शंख हाय.”

त्यामुळे २०२१च्या दिवाळीत मी पुण्याहून तळेघरला आलो आणि देवघरात लाल फडक्यावर एक पांढराशुभ्र शंख दिसला, तेव्हा पहिल्यांदा हसूच आलं. मग किंमत कळली. अकरा हजार.

आमच्याकडे अकरा हजार म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. भीमाशंकरच्या वाटेवरचं आमचं गाव. भात पावसाचं, आणि रोख पैसा हिरड्याचा. उन्हाळ्यात बाळहिरडा झोडायचा, अंगणात वाळवायचा, काळा पडला की विकायचा. शाळेची फी, बियाणं, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं त्यातून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. कोकणाचं वादळ म्हणून आम्ही टीव्हीवर बघत होतो, आणि दुपारनंतर ते आमच्याच डोंगरावर होतं. आमची चौदा झाडं होती. नऊ आडवी झाली. हिरड्याचं झाड आज लावलं तर नीट फळायला कितीतरी वर्षं जातात. आबा साठीचे होते. हा हिशेब त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही.

अशा माणसाच्या दारात पुढच्या वर्षी एक फिरता विक्रेता आला. “दक्षिणावर्ती हाय, लाखात एक. घरात ठेवा, लक्ष्मी हलायची नाही.” आबांनी पाच शेळ्यांपैकी दोन विकल्या.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय प्राणिशास्त्र. प्रॅक्टिकलला ‘स्पॉटिंग’ असतं. टेबलावर नमुने मांडलेले असतात, घंटा वाजेपर्यंत ओळखून लिहायचं. त्यात शंख असायचाच. म्हणून मी सवयीनं तो उचलला, उलटा केला आणि तोंडात बोट घातलं.

आत सगळं गुळगुळीत होतं.

इथं जरा थांबून शंख म्हणजे काय ते बघू. आपल्या पूजेतला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम नावाच्या समुद्री गोगलगायीचं घर. गोगलगाय म्हटलं की आपल्याला पावसाळ्यात पानं कुरतडणारी आठवते, पण ही शिकारी आहे. समुद्राच्या तळाशी वाळूत अर्धवट गाडून घेते आणि वाळूतले किडे खाते. जिवंतपणी ती पांढरी दिसतही नाही, वरून तपकिरी साल असते. ती खरवडली की आतलं पांढरं निघतं. तमिळनाडूत तुतिकोरीन-रामेश्वरमकडचे पाणबुडे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात बुडी मारून ती हातानं वेचत आले. बंगालमधल्या लग्न झालेल्या बायकांच्या हातातला पांढरा ‘शाखा’ याच कवचातून कापलेला असतो.

तिची अंडी वाळूत उभ्या केलेल्या, पीळ पडलेल्या शिंगासारखी दिसतात. आतून निघालेलं पिल्लू पाण्यात तरंगत दूर जात नाही, थेट वाळूवर रांगायला लागतं. म्हणून ही जात भारत-श्रीलंकेच्या आसपासच राहिली. जिथं जन्मली तिथंच. आमच्यासारखी.

आता ‘दक्षिणावर्ती’. या गोगलगायी जवळपास सगळ्या एकाच बाजूला पीळ घेतात. क्वचित एखादी उलटी निघते. शास्त्रज्ञ शंखाचा कळस वर धरून बघतात, म्हणून ते तिला डावी म्हणतात. आपण कळस खाली आणि निमुळतं टोक वर धरतो, म्हणून तीच आपल्याला उजवी दिसते. ती खरंच दुर्मिळ असते, म्हणून तिची किंमत लाखांत जाते. आणि म्हणूनच तिची नक्कलही होते.

नक्कल करायला फार कष्ट लागत नाहीत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला आणि मेक्सिकोच्या आखातात ‘लायटनिंग वेल्क’ नावाची दुसरीच एक शिकारी गोगलगाय असते. ती शिंपले फोडून खाते. तिच्या जातीत डावा पीळ हाच नियम आहे. किनाऱ्यावर सहज मिळते. तिच्या अंगावर विजेसारख्या तपकिरी रेघा असतात. त्या घासून पॉलिश केल्या की झाला दक्षिणावर्ती तयार. फरक आत असतो. आपल्या शंखाच्या मधल्या खांबावर तीन-चार ठळक घड्या असतात, बोटाला लागतात. वेल्कमध्ये त्या नसतात.

आबांच्या शंखात त्या नव्हत्या.

मी सांगितलं नाही. त्या दिवाळीत नाही, पुढच्या उन्हाळ्यातही नाही. रोज सकाळी आबा अंघोळ करून त्याच्यावर हळद-कुंकू वाहायचे. आईनं फक्त एकदा टोकलं, “महादेवाला त्यातून पाणी घालू नका बरं.” शंखचूड राक्षसाला महादेवानं मारलं आणि त्याच्या हाडांपासून शंख झाला, म्हणून शंखातलं पाणी बाकी सगळ्या देवांना चालतं, महादेवाला नाही, ही गोष्ट तिला पाठ होती. आबांनी मान डोलावली. इतकं जपत होते. मला वाटायचं, नऊ झाडं गेली, आता हेही मीच काढून घेऊ?

मग शेजारचे काका एकदा ओट्यावर येऊन बसले. तोच माणूस त्यांच्याकडे परत येणार होता. काका म्हैस विकायच्या विचारात होते. “तुमच्यासारखाच आणून देतो म्हणालाय.”

त्या रात्री मी आबांना सगळं सांगितलं. मोबाईलवर फोटो दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आन तू वरीसभर गप ऱ्हायला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. खरं म्हणजे त्यांचा चेहरा बघायची माझीच तयारी नव्हती. फसवणाऱ्यानं एकदा फसवलं. मी रोज सकाळी बघत बसलो होतो.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तिकडं अमेरिकेत याला कोण पुजतं का?”

मी वाचलेलं सांगितलं. युरोपातले लोक तिथं पोचायच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी हीच कवचं समुद्रापासून शेकडो मैल आत नेत. त्यांचे पेले करून पवित्र पेय पीत. डाव्या पिळाला त्यांच्यातही मान होता.

“मंजी डोंगरातलीच मान्सं,” आबा म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत.

सकाळी शंख देवघरातच होता. हळद-कुंकू नव्हतं, पण फडकं तेच. आबांनी तो उचलला, पिशवीत घातला आणि काकांच्या घरी निघाले. मी मागोमाग गेलो. काकांच्या अंगणात उभं राहून त्यांनी शंख उलटा धरला.

“बोट घाल आत,” ते काकांना म्हणाले. “काय लागतंय का सांग.”

काकांनी बोट घातलं.

“काय न्हाई.”

“न्हाई ना? अकरा हजार दिलेत मी ह्या न्हाईचे. म्हस इकू नको.”