दारावरची फुली

पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस आशाताई घरोघर फिरतात. ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर खडूने ‘पी’, कुणी राहिलं असेल तर फुली. इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत त्या वर्षी सगळ्या दारांवर पी होता, आमच्याच दारावर फुली. समोरच्या काकू म्हणाल्या, “शिकलेली माणसं तुम्ही, दोन थेंबांना काय घाबरता?”

काकूंना जिन्यात उभं राहून काय काय सांगणार? थेंबांतला विषाणू जिवंत असतो, नुसता दुबळा केलेला. चारचौघांच्या मुलांना त्याचा फायदाच होतो. माझ्या मुलाच्या अंगात मात्र अँटीबॉडी तयारच होत नाहीत. त्याच्या आतड्यात तो विषाणू महिनोन्‌महिने मुक्काम ठोकू शकतो. म्हणून त्याला थेंब नाहीत आणि तिच्याकडून तो विषाणू त्याला लागू नये यासाठी त्याच्या धाकट्या बहिणीलाही नाहीत, तिला पोलिओची सुई दिली. मुलाला स्वतःला जन्मल्यावर थेंब पाजले होतेच. तेव्हा कुणाला माहीत होतं! सुदैवाने निभावलं.

पहिले सहा महिने पोरगं कसं गुटगुटीत होतं. पुढे कळलं, ते माझ्या पुंजीवर. पोटात असताना आईकडून आलेल्या अँटीबॉडी तेवढेच महिने पुरतात. सातव्या महिन्यात उजवा कान वाहायला लागला. दिवाळीत निमोनिया, शिमग्याला पुन्हा निमोनिया. मग सायनस, मग जुलाब, मग मांडीवर एवढं मोठं गळू. दर वेळी ऍडमिट, हाताला सुई, चार दिवसांनी ताप उतरला की घरी. दर वेळी कारणही नवं. दात येतायत. पाळणाघरातून आणतो. बाळदमा असेल. आणि सगळ्यात लाडकं कारण म्हणजे नाशिकची थंडी. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की सासूबाई त्याला दोन कानटोप्या घालायच्या. च्यवनप्राश, काढा, तुळशीचा रस, सगळं झालं. ‘इम्युनिटी’ वाढवायला जो तो टपलेला. बरं, दोष तरी कुणाला द्यायचा? निमोनिया झाला तेव्हा निमोनियाचे उपचार झाले, कान वाहिला तेव्हा कानाचे. बेरीज मात्र कुणी केली नाही. मीही नाही. चिठ्ठ्या आणि रिपोर्ट मी साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत कोंबत गेले, इतकंच.

तो साडेचार वर्षांचा असताना नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते. त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून घसा बघितला. पुन्हा बघितला. “याचे टॉन्सिल काढलेत का?” मी नाही म्हटलं. “मग आहेत कुठे?”

इतक्यांदा सर्दी-खोकला होणाऱ्या मुलाचे टॉन्सिल सुजून बोराएवढे दिसायला हवेत. याच्या घशात दोन्ही बाजूंना सपाट भिंत. टॉन्सिल भरलेले असतात ते बी पेशींनी, आणि अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी या बी पेशींपासूनच तयार होतात. बाईंनी माझी पिशवी टेबलावर उलटी केली आणि बाहेर रांग ताटकळत असताना सगळ्या चिठ्ठ्या तारखेने लावल्या. एक कोरा कागद वरपासून खालपर्यंत भरला. मग दोन वर्षांपूर्वीचा एक रक्ताचा रिपोर्ट काढून त्यांनी एका ओळीवर नख ठेवलं. ग्लोब्युलिन, 1.1. निदान 2 तरी हवं. अँटीबॉडी म्हणजे ग्लोब्युलिनच. तो ताप डेंग्यूचा वाटला होता, म्हणून सगळ्यांनी प्लेटलेट बघितल्या आणि कागद मला परत दिला. दोन वर्षं उत्तर माझ्याच पिशवीत पडून होतं.

पुढच्या आठवड्यात पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरलो आणि परळला गेलो. केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या इमारतीत तेराव्या मजल्यावर आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था आहे. तिघांचं रक्त घेतलं. बी पेशी घडायला लागणारं बीटीके नावाचं एक प्रथिन पेशीत आहे की नाही हे त्यांचं यंत्र बघतं आणि आलेख काढून देतं. ह्यांच्या आलेखात एक नीट टेकडी. मुलाची टेकडी पार डावीकडे सरकलेली, म्हणजे प्रथिन नाहीच. आणि माझ्या आलेखात दोन टेकड्या शेजारी शेजारी, एक ह्यांच्यासारखी, एक मुलासारखी. माझ्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकावर चूक आहे. दुसरं शाबूत म्हणून मी धडधाकट. मुलाला एकच एक्स, तो माझ्याकडून आलेला, आणि नेमका चुकीचा. फुली दारावर आली ती पुढे, त्याआधी ती माझ्या रक्तात होती.

संध्याकाळी आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या दादाचेही कान असेच वाहायचे गं.” माझा थोरला भाऊ मी जन्मायच्या आधी, तिसऱ्या वर्षी गेला. आमच्या घरात त्याचा विषय ‘दृष्ट लागली’ इथेच संपायचा.

अँटीबॉडी न बनण्याच्या या आजाराचा शोध 1952 सालचा. ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांकडे आठ वर्षांचा एक मुलगा पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होऊन यायचा. त्यांनी त्याच्या रक्तातली प्रथिनं तपासली तर गॅमा ग्लोब्युलिन गायब. मग त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातलं काढून ते त्याला टोचलं. आजही उपाय तोच आहे, आयव्हीआयजी. दर तीन-चार आठवड्यांनी बाटली फ्रीजमधून काढायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची आणि थेंबाथेंबाने चार-पाच तास शिरेतून सोडायची. घाई केली की डोकं ठणकतं, थंडी वाजते. एका बॅचच्या मागे हजाराच्या वर माणसांचा प्लाझ्मा असतो. म्हणजे ज्यांना आम्ही कधी भेटणार नाही, त्यांना झालेले गोवर आणि कांजिण्या आज माझ्या मुलाला वाचवतायत.

डोस वजनावर ठरतो. निदान झालं तेव्हा 14 किलोला पाच ग्रॅमची एक बाटली पुरायची. आता आठवीत आहे, 38 किलोला तीन लागतात. पोरानं अंग धरलं की कुठल्याही आईला बरं वाटतं. मलाही वाटतं, फक्त वजनकाट्याशेजारी उभी राहून मी लगेच हिशोब घालते. बाटल्या स्वस्त नाहीत. पण त्या सुरू झाल्यापासून निमोनिया एकदाच झाला, आणि शाळेचा हजेरीपट पहिल्यांदाच भरलेला दिसला.

घरात पाणी उकळूनच. अशा मुलांना जिआर्डियासारखे जंतू सहज गाठतात. सासूबाई रामकुंडावरून तीर्थ आणतात आणि त्याच्या ओठांना न लावता डोक्याला लावतात. हा तोडगा त्यांनी स्वतःच काढला.

माझं सांगणं एवढंच. वर्षात दोनदा निमोनिया, चार-पाचदा कान, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक, असं तुमच्या घरात चाललं असेल तर सगळ्या चिठ्ठ्या तारखेने लावून डॉक्टरांपुढे ठेवा आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम यांच्या तपासणीबद्दल विचारा. आणि माहेरी फोन करा. लहानपणी गेलेला एखादा मामा, एखादा भाऊ असेल, तर त्याला काय काय व्हायचं ते विचारून घ्या.